‘फ्लुइड हीटर’ नावाचं पेटंट: एका वादग्रस्त यंत्राचा कागदी इतिहास



मागच्या महिन्यात आमच्या विभागातल्या एम.एस्सी.च्या एका मुलाने त्याच्या पीएच.डी. सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा मला वाचायला दिला. विषय निकेल आणि हायड्रोजनचा. मसुद्यात एक वाक्य होतं: ‘या यंत्राला अमेरिकेचं पेटंट मिळालेलं असल्यामुळे त्यातली अभिक्रिया सिद्ध झालेली आहे.’ मी त्याखाली लाल रेघ मारली. तो म्हणाला, “पण ताई, पेटंट ऑफिसने तपासूनच दिलं असेल ना?”

मला हसू आलं नाही, कारण पहिल्या वर्षी मीही हेच केलं होतं. माझा विषय धातूंच्या हायड्राइड्सचा, म्हणजे हायड्रोजन घन पदार्थात साठवण्याचा. एका पेटंटमध्ये दिलेलं तापमान मी जसंच्या तसं खरं मानलं आणि त्यावर प्रयोग आखला. चार महिने गेले. प्रगती अहवालाच्या सादरीकरणात बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एवढंच विचारलं, “हे दुसऱ्या कुणी करून पाहिलंय का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून आज त्या मुलाच्या मसुद्यातल्या यंत्राचाच इतिहास सांगते. यंत्राचं नाव ई-कॅट, शोधकर्ते इटलीचे आंद्रेआ रोसी, आणि पेटंटचा क्रमांक अमेरिकेचा ९,११५,९१३. गोष्ट सुरू होते त्याच्या बरीच आधी.

१९८९: आधी पेटंट, मग पेपर

२३ मार्च १९८९. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद बोलावली. मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स या दोन विद्युत-रसायनशास्त्रज्ञांनी सांगितलं की जड पाण्यात पॅलेडियमचा इलेक्ट्रोड बुडवून वीज सोडली, तर रासायनिक अभिक्रियेने समजावता येणार नाही इतकी उष्णता बाहेर पडते. त्यांचं स्पष्टीकरण असं की पॅलेडियममध्ये शिरलेल्या ड्यूटेरियमच्या केंद्रकांचं संमीलन होतंय, तेही खोलीच्या तापमानाला. हेच कोल्ड फ्यूजन.

पेपर छापून येण्याआधी पत्रकार परिषद का घेतली? एक मोठं कारण पेटंट. शेजारच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठात स्टीव्हन जोन्स जवळच्याच विषयावर काम करत होते. दोन्ही गटांनी आपापले पेपर २४ मार्चला एकाच वेळी पाठवायचे असं ठरलेलं होतं. पण ऊर्जेचा एवढा मोठा शोध हातचा गेला तर? युटा विद्यापीठाने त्याच महिन्यात पेटंटचे अर्ज दाखल केले आणि ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशीच घोषणा करून टाकली. राज्याच्या विधिमंडळाने ५० लाख डॉलर मंजूर केले आणि नॅशनल कोल्ड फ्यूजन इन्स्टिट्यूट उभी राहिली.

पुढे अनेक प्रयोगशाळांना हा प्रयोग पुन्हा जमला नाही. संमीलनातून जितके न्यूट्रॉन निघायला हवेत तितके दिसेनात. नोव्हेंबर १९८९ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या समितीने पुरावा पटण्याजोगा नसल्याचा निष्कर्ष काढला. ती इन्स्टिट्यूट १९९१ मध्ये बंद पडली. ज्या पेटंटसाठी एवढी घाई केली, त्याचा नाद युटा विद्यापीठाने १९९८ मध्ये सोडून दिला.

यात आपल्या मुंबईचाही एक धागा आहे. १९८९ मध्येच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार यांच्या प्रोत्साहनाने अनेक गट या प्रयोगांना लागले. अय्यंगार आणि एम. श्रीनिवासन यांनी संपादित केलेला त्यांचा अहवाल त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये निघाला. न्यूट्रॉन आणि ट्रिटियम मिळाल्याच्या नोंदी त्यात आहेत. नव्वदीच्या दशकात हे काम थांबलं. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये ‘करंट सायन्स’ या आपल्याकडच्या नियतकालिकाने या विषयावर विशेष विभाग काढला, त्याच्या संपादकांत श्रीनिवासन होते. सांगायचा मुद्दा असा की हा विषय फक्त हौशी लोकांचा कधीच नव्हता. चांगले शास्त्रज्ञ यात होते आणि आहेत. अडचण पुनरावृत्तीची होती, आणि आजही तीच आहे. ‘कोल्ड फ्यूजन’ हे नाव बदनाम झाल्यावर या क्षेत्रातले लोक ‘कमी ऊर्जेच्या केंद्रकीय अभिक्रिया’ म्हणजे एल.ई.एन.आर. हे नाव वापरू लागले.

पेटंट ऑफिस नेमकं काय तपासतं?

इथे थोडं थांबू, कारण गोंधळ इथेच होतो.

अमेरिकन कायद्यानुसार शोध नवा हवा, उपयुक्त हवा आणि त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल असा नको. शिवाय त्याचं वर्णन इतकं स्पष्ट हवं की त्या विषयातला माणूस ते वाचून तो शोध स्वतः करून पाहू शकेल. तपासनीस हे सगळं मुख्यतः कागदावर तपासतात. जुनी पेटंटं, जुने पेपर, अर्जातलं वर्णन. पेटंट ऑफिसला स्वतःची प्रयोगशाळा नसते. अर्जात लिहिलेलं सर्वसाधारणपणे खरं धरूनच पुढे जातात.

मात्र दावाच मान्य विज्ञानाच्या विरुद्ध दिसला, तर पुरावा देण्याचा भार अर्जदारावर येऊ शकतो. जोसेफ न्यूमन नावाच्या संशोधकाने दिलेल्या विजेपेक्षा जास्त ऊर्जा देणाऱ्या यंत्रावर पेटंट मागितलं, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि यंत्र खरोखरच तपासायला पाठवावं लागलं. १९८६ मध्ये नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या चाचणीत बाहेर येणारी ऊर्जा दिलेल्या ऊर्जेपेक्षा कमीच निघाली. पुढे २००० मध्ये मिचेल स्वार्ट्झ यांचा कोल्ड फ्यूजनवरचा अर्ज अपील कोर्टात हरला. कोर्टाचं म्हणणं साधारण असं: हे निष्कर्ष इतरांना पुन्हा मिळत नाहीत, याचे भरपूर लेख पेटंट ऑफिसने समोर ठेवलेत, आता यंत्र चालतं हे तुम्ही दाखवा.

यातून एल.ई.एन.आर. क्षेत्रातल्या अर्जदारांनी काय धडा घेतला असेल, याचा अंदाज तुम्ही करू शकता. अर्जावर ‘कोल्ड फ्यूजन’ लिहिलं की दार बंद. न लिहिता आत जाता येतं का? २०१३ मध्ये अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेतल्या पॅलेडियमच्या कामाला पेटंट मिळालं, त्याचं शीर्षक होतं ‘कण निर्माण करण्याची प्रणाली आणि पद्धत’.

रोसींचा पहिला अर्ज

निकेल आणि हायड्रोजनची कल्पना रोसींची एकट्याची नव्हती. १९९४ मध्ये फोकार्डी, हाबेल आणि पियान्तेल्ली यांनी निकेल-हायड्रोजनमध्ये अनाकलनीय उष्णता मिळाल्याचा पेपर ‘इल नुओवो चिमेंतो’ या इटालियन नियतकालिकात छापला होता. त्यातले सर्जो फोकार्डी पुढे रोसींबरोबर काम करू लागले.

रोसींनी एप्रिल २००८ मध्ये इटलीत अर्ज केला आणि त्याच आधारावर पुढे आंतरराष्ट्रीय अर्जही केला. या अर्जात ते उघडपणे बोलत होते: निकेलची पूड, दाबाखालचा हायड्रोजन, आणि निकेलचं तांब्यात रूपांतर. आंतरराष्ट्रीय अर्जाच्या प्राथमिक तपासणीत तपासनीसांनी हरकत घेतली की हे सर्वमान्य भौतिकशास्त्राच्या विरुद्ध दिसतंय, तेव्हा जाणकाराला करून पाहता येईल इतका तपशील आणि पुरावा हवा, तो इथे नाही. अडचण खरी होती. यंत्रात एक खास उत्प्रेरक आहे असं रोसी सांगत, पण तो कोणता हे ते उघड करत नव्हते. पेटंट हा एक सौदा असतो: तुम्ही गुपित जगाला सांगायचं, बदल्यात सरकार तुम्हाला काही वर्षांची मक्तेदारी देतं. गुपितही माझ्याकडे आणि मक्तेदारीही माझ्याकडे, असं चालत नाही.

इटलीचं पेटंट मात्र एप्रिल २०११ मध्ये मिळालं. अर्ज २००८ च्या जुलैआधीचा होता, आणि तोपर्यंत इटलीत आशयाची खोलवर तपासणी न करताच पेटंट दिलं जाई. ‘ई-कॅटला पेटंट मिळालं’ ही पहिली बातमी पसरली ती यावरून.

२०११: वाफ की गरम पाणी?

त्याआधी जानेवारी २०११ मध्ये बोलोन्यात रोसी आणि फोकार्डींनी जाहीर प्रात्यक्षिक केलं. थोडी वीज देऊन दहा किलोवॅटच्या वर उष्णता मिळते असा दावा होता. पाणी आत जातं, वाफ बाहेर येते, त्यावरून उष्णता मोजायची.

हे गणित तुम्ही स्वतः करा. १ किलो पाणी २० अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३३५ किलोज्यूल लागतात. त्याच १०० अंशांच्या पाण्याची पूर्ण वाफ करायला आणखी सुमारे २२५७ किलोज्यूल. म्हणजे बाहेर पडणारं सगळं वाफ आहे असं धरलं तर किलोमागे जवळजवळ २५९२ किलोज्यूल मोजले जाणार. पण प्रत्यक्षात पाणी नुसतं उकळीला येऊन वाहतंय आणि सोबत थोडीशीच वाफ आहे, असं असेल तर? उत्तर सात-साडेसात पटींपर्यंत फुगू शकतं. दोन्ही वेळा थर्मामीटर १०० अंशच दाखवणार! त्यामुळे वाफ कोरडी किती आणि ओली किती हे खात्रीने मोजल्याशिवाय पुढच्या सगळ्या आकड्यांना अर्थ नाही. टीकाकारांनी नेमकं इथेच बोट ठेवलं.

२०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लुगानो इथे इटालियन आणि स्वीडिश संशोधकांनी नव्या आवृत्तीची ३२ दिवसांची चाचणी केली. यावेळी पाणी नव्हतं. ॲल्युमिनाच्या नळीचं तापमान इन्फ्रारेड कॅमेऱ्याने मोजलं. दिलेल्या ऊर्जेच्या ३.२ ते ३.६ पट उष्णता मिळाल्याचं अहवालात आहे. इथेही प्रश्न मापनाचाच. कॅमेऱ्याला पृष्ठभागाची उत्सर्जनक्षमता सांगावी लागते, आणि ॲल्युमिनाची उत्सर्जनक्षमता तरंगलांबीप्रमाणे बदलते. कॅमेरा ज्या पट्ट्यात पाहतो त्या पट्ट्यातली किंमत न घेता सर्व तरंगलांबींची सरासरी किंमत घेतली, तर तापमान खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. उत्सर्जित ऊर्जा तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते, म्हणजे तापमानातली चूक उष्णतेत कितीतरी मोठी होते. टीकाकारांच्या फेरगणितात जादा उष्णता जवळजवळ नाहीशी झाली.

अहवालात इंधनातले समस्थानिक बदलल्याचंही म्हटलंय, आणि ते खरं असतं तर फार मोठी गोष्ट होती. पण नळीत पूड भरताना आणि शेवटी ती काढताना रोसी स्वतः त्यात सहभागी होते, असं अहवालातच नमूद आहे. मी कुणावर आरोप करत नाहीये. स्वतंत्र चाचणीत नमुना शोधकर्त्याच्या हातातून जाता कामा नये, एवढंच. तो अहवाल समीक्षित नियतकालिकात छापला गेला नाही.

२५ ऑगस्ट २०१५: पेटंटात आहे तरी काय?

आता मूळ कागदाकडे येऊ. हा अर्ज मार्च २०१२ मध्ये दाखल झालेला, मंजुरी २५ ऑगस्ट २०१५ ची. शीर्षक अगदी साधं: ‘फ्लुइड हीटर’, म्हणजे द्रव गरम करणारं उपकरण.

पेटंट वाचताना सुरुवात शेवटापासून करायची. शेवटी क्रमांक घातलेले दावे असतात. कायद्याने संरक्षण मिळतं ते फक्त त्यांना. पहिला दावा माझ्या शब्दांत असा: द्रव ठेवायची एक टाकी. द्रवाशी संपर्कात असलेली इंधनाची एक चकती. चकतीत लिथियम आणि लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड, आणि उत्प्रेरक म्हणून आवर्त सारणीतल्या दहाव्या गटातलं मूलद्रव्य. निकेल त्याच गटातलं. इंधन तापवायला विजेवर चालणारा रोधक. तापमान मोजणारा सेन्सर. आणि तापमान बघून व्होल्टेज कमीजास्त करत अभिक्रियेला पुन्हा जोर आणणारा कंट्रोलर.

बस. दाव्यात केंद्रकीय अभिक्रियेचा शब्द नाही. निकेलचं तांबं होतं असं नाही. दिलेल्या विजेच्या इतके पट उष्णता मिळते अशी अटही नाही. आहे ती नुसती ‘अभिक्रिया’.

आता तपासनीसाच्या खुर्चीत बसून बघा. टाकी, तापणारी कॉइल, थर्मोस्टॅट: हा तर आपल्या न्हाणीघरातला गीझर झाला, फक्त आत वेगळ्या पुडीची चकती. याने पाणी गरम होईल का? होणारच, वीज देतोय ना! लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड तापवलं की हायड्रोजन सुटतो, हे तर माझ्या विषयातलं रोजचं रसायनशास्त्र. मग उपकरण ‘उपयुक्त’ ठरलं. नेमकी अशी रचना आधी कुणी केली होती का? सापडली नाही, तर नवी ठरली. इंधनातले घटक सांगितलेत, म्हणजे जुन्या अर्जातली गुप्त उत्प्रेरकाची हरकतही गेली. भौतिकशास्त्राच्या विरुद्ध काही मागितलेलंच नाही, तर नाकारायचं कशाला?

हे पेटंट कायदेशीर आहे, आणि त्याने ई-कॅटबद्दल काहीच सिद्ध होत नाही. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. तरीही बातम्यांमध्ये आणि चर्चांमध्ये याचा अर्थ ‘अमेरिकन सरकारने एल.ई.एन.आर. मान्य केलं’ असा लावला गेला, आणि तिथूनच ते वाक्य आमच्या विभागातल्या सिनॉप्सिसपर्यंत पोहोचलं.

आपल्याकडे काय झालं असतं?

आपल्या पेटंट कायदा १९७० च्या कलम ३(अ) नुसार प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणारा शोध पेटंटयोग्य नाही. आणि रोसींना अमेरिकेत पेटंट मिळालं त्या काळात कलम ४ नुसार अणुऊर्जा कायदा १९६२ च्या कक्षेत येणाऱ्या शोधांनाही भारतात पेटंट मिळत नसे. म्हणजे असा अर्जदार दोन्हीकडून अडकला असता. ‘आत केंद्रकीय अभिक्रिया होते’ म्हणावं तर कलम ४ पुढे येणार. ‘होत नाही, तरी इतकी उष्णता निघते’ म्हणावं तर कलम ३(अ). सुटायचा मार्ग पुन्हा तोच: ‘हे पाणी तापवायचं उपकरण आहे’ एवढंच म्हणणं.

कोर्टानेही उत्तर दिलं नाही

अमेरिकेतल्या इंडस्ट्रियल हीट या कंपनीने २०१२ मध्ये रोसींशी परवान्याचा करार केला. १ कोटी १५ लाख डॉलर दिले गेले. आणखी ८ कोटी ९० लाख देणं वर्षभराच्या चाचणीवर अवलंबून होतं. १ मेगावॅटच्या संयंत्राची ती चाचणी फ्लोरिडात फेब्रुवारी २०१५ ते फेब्रुवारी २०१६ अशी चालली. रोसी म्हणाले यशस्वी झाली. कंपनी म्हणाली आम्हाला स्वतःला हे निकाल मिळवता आले नाहीत. पैसे मिळाले नाहीत म्हणून एप्रिल २०१६ मध्ये रोसींनी खटला भरला, कंपनीने उलट दावा केला. जुलै २०१७ मध्ये, खटला उभा राहिल्यावर काही दिवसांतच, दोघांनी तडजोड केली. यंत्र चालतं की नाही यावर कोर्टाचा निकाल कधीच आला नाही.

उत्तर शोधायचं झालं तर प्रयोगशाळेतच जावं लागतं. गूगलने पैसे दिलेल्या एका मोठ्या गटाने काही वर्षं काळजीपूर्वक प्रयोग करून मे २०१९ मध्ये ‘नेचर’मध्ये लिहिलं की कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नाही. हायड्रोजनमध्ये तापवलेल्या धातूंच्या पुडीही त्यांनी तपासल्या होत्या. पण काम वाया गेलं असं त्यांनी म्हटलं नाही. धातूत हायड्रोजन भरण्याचं आणि उष्णता अचूक मोजण्याचं त्यांचं तंत्र इतरांच्या उपयोगी पडेल. माझ्यासारखीच्या तर नक्कीच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या एका संस्थेने या क्षेत्रातल्या आठ गटांना मिळून १ कोटी डॉलर जाहीर केले. म्हणजे प्रश्न विचारायला आजही मनाई नाही.

तुमच्या सिनॉप्सिससाठी

पेटंट वाचूच नका असं मी सांगत नाही. काही गोष्टी पेपरमध्ये कधीच येत नाहीत, त्या पेटंटमध्ये सापडतात. फक्त वापरताना एवढं बघा:

१. आधी दावे वाचा, मग वर्णन, शीर्षक सगळ्यात शेवटी. तुम्ही ज्या गोष्टीसाठी पेटंटचा आधार देताय ती दाव्यात आहे का?

२. नुसता अर्ज प्रसिद्ध झालाय की पेटंट मंजूर झालंय? कुठल्या देशात? तिथे त्या वेळी तपासणी कशी होत असे?

३. ‘या पेटंटमध्ये असा दावा केला आहे’ असं लिहा. ‘सिद्ध झालं आहे’ हे शब्द स्वतंत्र गटाने तोच निष्कर्ष पुन्हा मिळवला असेल तेव्हासाठी राखून ठेवा.

४. आकडा दिसला की आधी विचारा, तो मोजला कसा? वाफ कोरडी होती का? उत्सर्जनक्षमता कुठली घेतली? नमुना कुणाच्या हातात होता?

आमच्या त्या मुलाने वाक्य बदललं. आता तिथे आहे: ‘निकेल आणि लिथियम ॲल्युमिनियम हायड्राइड वापरणाऱ्या द्रव तापवण्याच्या उपकरणावर अमेरिकेत पेटंट आहे, जादा उष्णतेच्या दाव्याची स्वतंत्र पुष्टी झालेली नाही.’ वाक्य जरा रुक्ष झालं, तो थोडा नाराजही होता. पण दोन दिवसांनी स्वतःच आला आणि म्हणाला, “ताई, मग पुष्टी करायची झाली तर कॅलरीमीटर कसा लागेल?”

मी त्याला खुर्ची दिली. हा प्रश्न सिनॉप्सिसमध्ये घालण्यासारखा आहे.